लिफ्टताईचं यान

तिला सगळे लिफ्टताई म्हणत. वय सव्वीस, उंची पाच फूट तीन इंच आणि डोळा पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर. मधलं अंतर कसं कापणार, असं कोणी विचारलं की ती हात पुसत म्हणे, "रोजचंच काम आहे. माणसांना वर न्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती मेकॅनिक होती. तिच्याकडे अकरा इमारती होत्या. एक रुग्णालय, दोन कार्यालयं, बाकी राहती घरं. पहाटे पाचला ती पळायला जाई, आठवड्यातून तीनदा पोहायला. दिवसभर काम आणि संध्याकाळी इंजिनियरिंग कॉलेजचे वर्ग. गेल्या वर्षी अंतराळवीर निवडीची जाहिरात आली तेव्हा तिने अर्ज केला होता. लेखी परीक्षा पार पडली, वैद्यकीय तपासणीही पार पडली. मुलाखतीच्या टेबलावर मात्र घोडं अडलं, कारण पदवी अजून हातात नव्हती. टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, "पदवी घेऊन या." दुसऱ्या कोणी याला नकार म्हटलं असतं. हिने ते आमंत्रण समजून जपून ठेवलं आणि शेवटच्या वर्षाच्या अभ्यासाला लागली.

ती राहायची त्या इमारतीतली माणसं काय, चेष्टेला निमित्तच शोधत असतात. जिन्यात गाठ पडली की कोणीतरी विचारणारच, "काय गं, कधी निघालीस वर?"

आईला हे अजिबात खपत नसे. "असलं अभद्र बोलू नका हो."

"जाणार आणि परत येणार, आई," लिफ्टताई हसून म्हणे. "त्या प्रवासात परतीची सोय आधी बघतात."

तिचे वडील छत्तीस वर्षं लिफ्टच्याच कामात होते. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले ते जिने चढून. लोकांना याचं हसू येई, पण गोष्ट खरी होती. लिफ्ट बंद पडली की मेकॅनिकला वरच्या मशीनच्या खोलीपर्यंत पायांनीच जावं लागतं. लेकीला त्यांनी पाना धरायला शिकवलं, त्याच्या आधी एक दुसरी गोष्ट शिकवली होती. अडकलेल्या माणसाशी बोलायचं कसं.

"एक लक्षात ठेव," ते म्हणायचे. "'दोन मिनिटं' असं कधी म्हणायचं नाही. वीस लागणार असतील तर वीस सांग. खोटी दोन मिनिटं संपली की माणूस दार ओढायला लागतो. दुसरं, त्याला काय वाटतंय ते विचारायचं नाही, काय दिसतंय ते विचारायचं. आणि जो सगळ्यात जास्त घाबरलाय त्याला काम द्यायचं. हात गुंतले की जीव थाऱ्यावर येतो."

दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयातली जुनी लिफ्ट काढून नवी बसवली. जुनी केबिन भंगारात जायची होती. चार बाजूंना पोलादी पत्रा, धरायला दांडा, नऊ बटणांची पट्टी, छताला पंखा, कोपऱ्यात बोलायची जाळी. लिफ्टताईने तिच्याकडे पाहिलं आणि तिला त्यात भंगार दिसेचना. आपल्या कंपनीच्या मालकांच्या मागे लागून तिने ती केबिन मागून घेतली आणि टेम्पोत घालून घराजवळच्या शाळेत नेली. शाळेच्या मोठ्या बाई आधी बिचकल्या. मग त्यांनी पटांगणाच्या कडेची शेड दिली, आणि शेजारची सामानाची खोलीही रिकामी करून दिली.

पुढचे सहा महिने लिफ्टताईचे रविवार तिथेच गेले. मजल्यांची नऊ बटणं उड्डाणाचे नऊ टप्पे झाली. एका भिंतीवर पडदा आला. त्यात खाली ढग आणि समुद्र सरकत जात. आत चार स्टुलं पक्की केली. शेजारच्या खोलीत कंट्रोलचं टेबल मांडलं, त्यावर माईक. दिवा आणि माईक यांना बॅटरी दिली. केबिनला वर आणि खाली पत्र्यात लांबट फटी होत्या, त्या तशाच मोकळ्या ठेवल्या.

दाराचं काम चाललं तेव्हा वडील स्टूल टाकून शेजारी बसले होते. "दार आतून उघडता कामा नये," त्यांनी बजावलं. तिनेही मान डोलावली. लिफ्टच्या धंद्यातला हा पहिला धडा. वीज असली की बटण दाबून दार उघडे. वीज गेली की कुलूप बसे आणि मग बाहेरून, दाराच्या वरच्या पट्टीतल्या पेन्सिलीएवढ्या भोकात त्रिकोणी किल्ली घालून फिरवावी लागे. दीड वर्षात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा तिने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दार उघडलं. त्यामुळे यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटलं नाही.

दर शनिवारी चार उड्डाणं होत, प्रत्येक उड्डाणात चार मुलं. वर जायचं, पृथ्वीभोवती फिरायचं, काहीतरी बिघडायचं, ते दुरुस्त करून उतरायचं. काय बिघडणार हे फक्त कंट्रोलला, म्हणजे लिफ्टताईला ठाऊक. मुलांच्या हातात एक वही असे. एकाने ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती परत म्हणून तसं करायचं, तेव्हा कुठे खूण करायची. पाठ आहे म्हणून कोणी न वाचता केलं की उड्डाण रद्द. ज्या मुलीला वर्गात हवेचा दाब तीनदा सांगूनही कळला नव्हता, ती केबिनमधून ओरडत असे, "दाब उतरतोय, डावी झडप बंद करा!" मग दुसऱ्या शाळांची मुलंही येऊ लागली. लिफ्टताई नोंदवही ठेवी. त्यात आतापर्यंत बाराशे अठ्ठेचाळीस मुलांची नावं होती.

आणि मग कोणीतरी शिक्षण कार्यालयाला निनावी पत्र धाडलं. शाळेच्या आवारात भंगार ठेवून त्यात मुलांना कोंडतात, अशी तक्रार.

कार्यालयाचं उत्तर आलं, ते एका कागदावर दोन तोंडांचं. येत्या शनिवारी तपासणी अधिकारी येतील. त्यांचं समाधान झालं तर केबिन ट्रकवर चढवून कार्यालयाच्या हाताखालच्या सगळ्या त्रेचाळीस शाळांत फिरवण्यात येईल. न झालं तर आठ दिवसांत आवाराबाहेर काढण्यात येईल.

"म्हणजे एकतर त्रेचाळीस शाळा, नाहीतर एकही नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाहीच म्हणाले तर?" लिफ्टताईने विचारलं.

"तर तुझं हे यान पुन्हा भंगारवाल्याकडे. माझ्या हातात काही राहणार नाही, बाळ."

मोठ्या बाईंनी लगेच रंगारीकाकांना बोलावलं. शाळेत काही पाहुणे यायचे असले की बाईंचा पहिला उपाय रंग. रंगारीकाका हे मोठे चोख गृहस्थ. भिंतीला खिळ्याचं भोक दिसलं तरी त्यांना रात्रभर झोप लागत नसे. शुक्रवारी त्यांनी फाटक रंगवलं, झाडांच्या कुंड्या रंगवल्या आणि केबिनही आरशासारखी चंदेरी करून टाकली. लिफ्टताई त्या दिवशी रुग्णालयाच्या लिफ्टवर अडकली होती. ती आली शनिवारी सकाळी सातला. केबिन पाहून खूश झाली. आत गेली आणि वहीच्या एक्केचाळीस ओळी एकेक करून तपासल्या. दिवा, बॅटरी, माईक, झडपा, पडदा, सगळं ठीक. त्रिकोणी किल्ली नेहमीप्रमाणे तिच्या खिशात होती. पण किल्लीच्या भोकाची ओळ वहीत नव्हती. यानाच्या वहीत लिफ्टचं भोक कशाला असेल?

तपासणीचे साहेब साडेदहाच्या ठोक्याला आले. पन्नाशीचे, फाइल छातीशी धरलेली, पेन खिशाला. त्यांनी केबिनभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर टिचकी मारली आणि लिहून घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "साहेब, आत बसूनच बघा ना. मुलं उड्डाण दाखवतील."

"मी बाहेरूनच बघतो."

"आत जागा आहे साहेब."

"जागेचा प्रश्न नाही. मी लिफ्टमध्ये बसत नाही. माझं कार्यालय पाचव्या मजल्यावर आहे, रोज जिन्याने जातो."

"अहो, ही लिफ्ट नाही, यान आहे."

"बाई, दार तर लिफ्टचंच दिसतंय."

त्या दिवशीच्या उड्डाणात तीन मुली होत्या. कमांडर होती बारा वर्षांची. तिचं तोंड एकदा सुरू झालं की बंद होत नसे, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. दुसरी उंच, हिशेबात पक्की, ती मोजपट्टी. तिसरी पावलांचा आवाज न करता येणारी आणि कमी बोलणारी, तिला मांजर म्हणत. रेडिओ पुढे झाली.

"साहेब, चौथी जागा रिकामी असली तर उड्डाण रद्द करावं लागतं. नियम आहे."

"लेखी आहे?"

रेडिओने वही उघडून पहिलं पान दाखवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. लेखी नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एक मोठा श्वास घेऊन ते आत गेले आणि दाराशेजारच्या स्टुलावर टेकले. दार सरकून बंद झालं.

कंट्रोलच्या खोलीत लिफ्टताईने माईक जवळ ओढला. उड्डाण झकास झालं. मुली ओळी वाचत होत्या, परत म्हणत होत्या, खुणा करत होत्या. नववं मिनिट लागलं तेव्हा यान पृथ्वीभोवती फिरायला लागलं आणि साहेबांचा आवाज आला, "हा खालचा निळा भाग म्हणजे समुद्र ना?" मोठ्या बाईंनी दाराआडून लिफ्टताईला अंगठा दाखवला. चौदाव्या मिनिटाला वीज गेली.

पंखा थांबला, पडदा विझला. आत फक्त बॅटरीचा छोटा दिवा राहिला.

"हा कार्यक्रमाचा भाग आहे का?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही साहेब. असेल," रेडिओ म्हणाली. "कंट्रोल, हे तुम्ही बिघडवलंत का?"

हो म्हणणं सोपं होतं. लिफ्टताई म्हणाली, "नाही, कमांडर. खरी वीज गेलीय. मी दार उघडायला येतेय."

खिशातली किल्ली काढून ती केबिनपाशी धावली, हात वर केला आणि थांबली. भोक नव्हतं. वरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, चंदेरी. तिने बोट फिरवलं, नख लावलं. शिडी न्यायला आलेले रंगारीकाका शेजारीच उभे होते.

"काका, इथे एक भोक होतं."

"होतं ना!" काकांचा चेहरा खुलला. "बुजवलं मी. दोन हात पुट्टी, वर घासकाम, वर रंग. साहेब येणार म्हटल्यावर भोक कसं ठेवायचं? सापडतंय का बघ."

"काका, किल्ली त्याच भोकात जाते."

रंगारीकाकांचा चेहरा त्यांच्याच चुन्यासारखा पांढरा पडला.

पुट्टी रात्रभरात दगडासारखी झाली होती. वीज नाही म्हणजे ड्रिल नाही. ठोकून आत ढकलली तर ती कुलपात जाऊन बसणार आणि मग कुलूप फिरणारच नाही. कण कण उकरून बाहेर काढायला हवी होती. तिने मनात आकडा बांधला. वीस मिनिटं.

एवढ्यात आतून दारावर थापा पडायला लागल्या. "उघडा! दार उघडा! काय चाललंय काय?"

मोठ्या बाईंनी धावत जाऊन कंट्रोलचा माईक उचलला. "साहेब, दोन मिनिटांत—"

लिफ्टताईने इतक्या वेगाने धाव घेतली की टेबलावरचा ग्लास उलटला. "बाई, नको. द्या इकडे." आणि माईकमध्ये म्हणाली, "साहेब, दोन मिनिटं नाही. वीस मिनिटं लागतील. किल्लीच्या भोकात पुट्टी भरली गेलीय, ती उकरायची आहे. हवा भरपूर आहे, वर-खाली फटी मोकळ्या आहेत. आणि अजून एक. चूक माझी आहे. यानाचं दार आतून उघडायला हवं. मी लिफ्टवाल्यांच्या सवयीने ते बाहेरून उघडणारं ठेवलं."

थापा थांबल्या. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांपुढे चूक कबूल केली, आता काय राहिलं?

"वीस?" आतून आवाज आला. "खरंच वीस?"

"वीस."

"सात वर्षांपूर्वी मी एका लिफ्टमध्ये अडकलो होतो. तो माणूस तासभर मला दोन मिनिटं, दोन मिनिटं म्हणत होता." साहेबांचा आवाज कापत होता. "शेवटी शेवटी मी रडलो हो."

"मी तसं म्हणणार नाही, साहेब."

आता तिच्यापुढे खरा पेच होता. आतल्या माणसाला धीर द्यायला माईकवर कोणीतरी हवं. पण त्या कुलपाच्या पोटात काय कुठे आहे हे फक्त तिलाच ठाऊक होतं. ती दोन्हीकडे असू शकत नव्हती. बाराशे अठ्ठेचाळीस मुलांना ती दीड वर्ष सांगत आली होती की वर गेल्यावर मदतीला कोणी धावत येत नाही, आपल्याजवळची माणसं आणि आपली वही, एवढंच असतं. ते आपण नुसतं बोलत होतो की मुलींना खरंच शिकवलं होतं, हे आता कळणार होतं. तिने माईकचं बटण दाबलं.

"कमांडर, यान तुझं. पान तीन."

"पान तीन," रेडिओने परत म्हटलं. "घेतलं."

लिफ्टताईने माईक खाली ठेवला, रंगारीकाकांच्या डब्यातून बारीक खिळा आणि पातळ पट्टी उचलली आणि स्टुलावर चढून भोक उकरायला लागली. कान पत्र्याला लागला होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अंधार किंवा बिघाड. ओळ एक," रेडिओ वाचत होती. "दहा श्वास कोणी काही करायचं नाही. साहेब, तुम्हीपण. एक... साहेब, हा फार लहान झाला, परत घ्या."

दहा श्वास झाले.

"ओळ दोन. प्रत्येकाने काय दिसतंय ते सांगायचं. मला दिवा दिसतोय, वही दिसतेय. मोजपट्टी?"

"थर्मामीटर दिसतोय. सव्वीस अंश."

"मांजर?"

"साहेबांचे बूट. एकाची नाडी सुटलीय."

साहेबांनी नाडी बांधली असावी, कारण थोडा वेळ स्टूल करकरलं.

"साहेब, तुम्ही?"

"मला... मला दार दिसतंय."

"दार सोडून सांगा."

"तुमची ती वही. अक्षर चांगलं आहे."

"ते ताईंचं. ओळ तीन. सगळ्यात जास्त घाब... म्हणजे, सगळ्यात मोठ्या माणसाला काम द्यायचं. साहेब, तुमच्याकडे पेन आहे. दर मिनिटाला घड्याळ आणि थर्मामीटर बघून नोंद घ्यायची. मोठ्याने म्हणायचं आणि लिहायचं."

बाहेर लिफ्टताईला हसू आलं. पुट्टीचा पहिला मोठा तुकडा निघून तिच्या बाहीवर पडला.

"दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. सव्वीस अंश," साहेब म्हणाले. आवाज अजून कापरा होता. पुढच्या मिनिटाला जरा कमी. चौथ्या नोंदीला तर ते चक्क कार्यालयातल्यासारखे बोलायला लागले. "अकरा वाजून एक. साडेसव्वीस. वाढ अर्धा अंश. का वाढलं?"

"आपण चौघं आहोत ना, प्रत्येकाची ऊब," मोजपट्टी म्हणाली. "मी हवेचा हिशेब करतेय. लांबी एक पूर्णांक चार, रुंदी एक पूर्णांक दोन, उंची दोन पूर्णांक एक मीटर. गुणाकार तीन पूर्णांक बावन्न."

"पुढचा आठ सोडलास."

"तीन पूर्णांक पाचशे अठ्ठावीस. सगळ्या फटी बंद असत्या तरी तासभर पुरली असती, साहेब. आणि बंद नाहीतच."

"हे मी कसं मानू?"

मांजर तेवढ्यात वहीचा कागद फाडून खाली बसली होती. "इकडे बघा. खालच्या फटीपाशी कागद धरलाय. हलतोय."

"हो की. हलतोय."

"आपली गरम हवा वर जाते, वरच्या फटीतून बाहेर. तेवढी गार हवा खालून आत येते. पंखा लागत नाही. तुम्ही धरा, मग कळेल."

"कुठे शिकलीस हे?"

"इथेच. मागच्या वेळी ताईंनी मुद्दाम पंखा बंद पाडला होता तेव्हा."

त्यानंतर आतून जे ऐकू आलं त्याने मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. साहेब हसत होते. मोठ्याने नाही, पण हसत होते.

भोक मोकळं झालं. लिफ्टताईने फुंकर मारली, किल्ली घातली, अडकली, काढली, पुन्हा उकरलं, पुन्हा घातली. खट् आवाज झाला. तिने दोन्ही हातांनी दार सरकवलं. उजेड आत गेला. साहेब थर्मामीटरसमोर उभे होते आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा हं. अकरा वाजून सोळा, साडेसत्तावीस. लिहू द्या." मग ते वळले. "किती झाली?"

"एकोणीस मिनिटं, साहेब."

"वीस म्हणाला होतात."

"हो."

साहेब बाहेर आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. आता मोठ्या बाई, रंगारीकाका आणि अख्खं पटांगण त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी फाइल उघडून छापील फॉर्म काढला आणि पेन टेकवलं.

"रकाना चार," ते म्हणाले. "प्रात्यक्षिक पूर्ण झाले का? होय किंवा नाही." ते थोडं थांबले. "नाही झालं. आणि इथे 'नाही' लिहिलं की पुढची पानं भरता येत नाहीत. फॉर्म इथेच संपतो."

"पण साहेब, मुलींनी एवढं—" मोठ्या बाई कळवळल्या.

"मुलींनी उत्तम केलं, बाई. पण जे झालं नाही ते झालं असं मी लिहू कसं?"

लिफ्टताईने हातातली किल्ली खिशात ठेवली. साहेबांचं म्हणणं तिला पटलं होतं, हेच तर दुखणं होतं. तिनेही कधी न तपासलेल्या ओळीवर खूण केली नसती.

रेडिओने वही उघडली. "मग पूर्ण करू या की, साहेब. आपण अजून खाली उतरलोच नाही. शेवटचं पान राहिलंय."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग लिफ्टताईकडे. "ते दार?"

"अर्धा तास द्या," ती म्हणाली. "अर्धाच."

तिने हत्यारांची पिशवी उघडली आणि फोन कानाशी धरून वडिलांना लावला. "बाबा, केबिनचं दार आतून उघडणारं करतेय. कुलपाची पट्टी उलटी फिरवून आतल्या बाजूला मूठ घेतली तर स्प्रिंग धरेल ना?"

वडिलांनी मनातल्या मनात पट्टी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "धरेल. वरचा नट सैल ठेव." आणि मग, "लिफ्टच्या दाराबाहेर खोल खड्डा असतो म्हणून ते आतून बंद ठेवतात गं. तुझ्या दाराबाहेर तर पटांगण आहे. माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"माझ्या तरी कुठे आलं?"

पत्र्याला मोठं भोक पाडायचं होतं, तोवर वीज आली. रंगारीकाकांनी स्वतः ड्रिल धरलं. चंदेरी रंगाचे टवके उडाले तरी त्यांनी डोळे मिटले नाहीत, म्हणजे त्या माणसाने केवढा पश्चात्ताप केला ते कळावं. अठ्ठावीस मिनिटांत मूठ बसली. मोजपट्टीने ती दहा वेळा फिरवून पाहिली आणि वहीत नवी बेचाळिसावी ओळ लिहिली: दाराची मूठ आतून तपासावी. साहेब तिच्या मागे उभे राहून ती ओळ वाचत होते.

"चला," ते म्हणाले, आणि कोणी न सांगता स्वतःच आत शिरले.

या वेळी पडदा विझला नाही. यान पृथ्वीभोवती फिरलं, दाब उतरला, डावी झडप बंद झाली, मुलींनी ओळी वाचल्या, साहेबांनी परत म्हटल्या. नववं बटण दाबलं. "उतरलो," रेडिओ म्हणाली.

मग साहेबांचा आवाज आला. "कंट्रोल, एक विनंती. वीज घालवा."

लिफ्टताईला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "परत सांगा, साहेब."

"वीज घालवा. पूर्ण. आणि बाहेरून कोणी दाराला हात लावायचा नाही."

तिने मुख्य बटण खाली ओढलं आणि बाहेर धावली. केबिनमधला पंखा थांबल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. पटांगणातली दीडशे मुलं श्वास धरून उभी राहिली. मोठ्या बाईंनी हात पाठीमागे बांधले. लिफ्टताईचे हात नुसते शिवशिवत होते, पण ती एक पाऊलही पुढे गेली नाही.

आत मूठ फिरली. एकदा अडखळली, मग पूर्ण फिरली. दार सरकलं आणि दारात साहेब उभे होते. केस विस्कटलेले, शर्ट घामाने भिजलेला आणि चेहऱ्यावर असं हसू, की त्यांच्या कार्यालयातल्या कोणी ते उभ्या जन्मात पाहिलं नसेल. त्यांच्या मागून तिघी मुली ओरडतच बाहेर पडल्या. पटांगणात जो गलका उठला त्याने शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले.

साहेब तिथेच पायरीवर बसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि चौथ्या रकान्यात 'होय' लिहिलं. मग पुढची पानं भरायला लागले. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "प्रशिक्षकाचा हुद्दा?"

"लिफ्ट मेकॅनिक," लिफ्टताई म्हणाली.

"अंतराळवीर लिहा, साहेब!" रेडिओ मागून म्हणाली.

"निवड झालेली नाही. खोटं कसं लिहू?" साहेबांनी लिफ्टताईकडे पाहिलं. "पुन्हा अर्ज करणार आहात?"

"पुढच्या महिन्यात पदवी हातात येतेय. त्याच दिवशी करणार."

"त्या दिवशी या फॉर्मची प्रत लागली तर कार्यालयात या. मी देईन." त्यांनी 'लिफ्ट मेकॅनिक' लिहिलं, क्षणभर विचार केला आणि स्वल्पविराम देऊन पुढे लिहिलं, 'अंतराळवीर पदासाठी उमेदवार'. "हे खरं आहे. हे लिहिता येतं."

सगळ्यात शेवटी शेऱ्याची मोकळी जागा होती. तिथे त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'केबिनचे दार आतून उघडते. वीज बंद असताना स्वतः उघडून पाहिले. केबिन सर्व त्रेचाळीस शाळांत न्यावी. पुढच्या आठवड्यापासून.' खाली सही केली, तारीख घातली, वेळही घातली.

लिफ्टताईने तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला. मग रेडिओने वाचला, मग मोजपट्टीने, आणि मांजरने तो मोठ्या बाईंच्या हातात दिला. बाईंना चष्मा सापडेना, म्हणून रंगारीकाकांनी त्यांना वाचून दाखवला. पाठोपाठ पटांगणात तीच ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत गेली: त्रेचाळीस! त्रेचाळीस!

सकाळपासून रांगेत उभी असलेली पुढची चार मुलं मात्र अस्वस्थ झाली होती. त्यांच्या उड्डाणाची वेळ कधीच टळून गेली होती आणि कोणाला त्याची आठवणच नव्हती. त्यातल्या एकीने लिफ्टताईची बाही ओढली.

"ताई, आम्ही जायचं की नाही?"

लिफ्टताईने हात पुसले, कंट्रोलच्या खोलीत पळत जाऊन मुख्य बटण वर केलं आणि माईक जवळ ओढला. "चला, आत बसा. वही घ्या. ओळ एक, मोठ्याने!"